बॉनेटवर बसलेला नाकेदार

उस्मानाबाद जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे, असं साताऱ्याला परत आल्यापासून मला जो तो विचारतो. तुळजापूर सोडलं तर आमच्याकडचं कुणी तिकडं मुद्दाम जात नाही. मी सांगायला लागते, आणि दर वेळी येडशीच्या रानापाशी येऊन गाडी थांबते. पुढचं राहूनच जातं. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिकांनी तर आता मला त्यावरून चिडवायला सुरुवात केली आहे. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आमचं कुलदैवत सोनारीचा काळभैरव. सोनारी परंडा तालुक्यात. आमचे पूर्वज कधीतरी तिकडून साताऱ्याला आले आणि देव तिकडंच राहिला. वडिलांना जायचं होतं, पण तेव्हा तो मुलूख निजामाचा. पुढं तिथं धामधूम झाली. ती संपली तोवर वडील राहिले नव्हते. मग मराठवाडा आपल्या राज्याला जोडला गेला, त्यालाही दोन-तीन वर्षं झाली, आणि न जाण्याला काही सबब उरली नाही. त्यातून माझ्या धाकट्या भावाचं, वसंताचं, लग्न होऊन वर्ष उलटलं होतं. नव्या जोडीनं कुलदैवताला जायचं तेवढं बाकी होतं. जोडीबरोबर घरातलं मोठं माणूस हवं. ते मी.

वसंता पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर आहे. कामाला चोख, डोक्यानं तापट. त्यानं लष्कराच्या मोडीतून एक जीप घेतली होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव. चांगला रस्ता दिसला की त्याचा चेहरा उतरायचा. नांगरट, ओढा, चढण असं काही दिसलं की तो वेग कमी करून त्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "ताई, इथून जाईल बघ ही." त्याची बायको मालती मागच्या बाकावर दोन्ही हातांनी दांडी धरून बसायची. माहेरच्या घरात तिनं आवाज चढलेला ऐकला नव्हता. जीपमध्ये आमच्या दोघांचे आवाज ऐकून ती पहिले दोन दिवस घाबरूनच होती.

तुळजापूर

मालतीची इच्छा म्हणून सोलापूरवरून तुळजापूरला गेलो. आईचं दर्शन झालं. माघ सरत आला होता, गर्दी अशी नव्हती. पुजाऱ्यांच्या घरी जेवलो. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी आमच्याकडेही असते. पण इथली भाकरी पातळ, चांगली हातभर रुंद, आणि ती वाढतात तीही हातावरून थेट ताटात. "लाजू नगा, बाई," असं म्हणत वाढणारी तीन वेळा आली. आमच्याकडं पाहुण्यानं नको म्हटलं की हात मागे येतो. इथं नको म्हणणं हे आणखी एक भाकरी मागण्यासारखंच आहे, हे मला तिसऱ्या भाकरीला कळलं.

उस्मानाबादेत सरकारी कचेऱ्यांवरच्या जुन्या उर्दू पाट्यांशेजारी नव्या मराठी पाट्या आल्या होत्या. गावाला म्हातारी माणसं धाराशिवच म्हणत. पत्ता विचारला की सांगणारा थोडं अंतर आपल्याबरोबर चालत येतो, ही तिथली रीत. वसंता जीपमधून विचारायचा आणि तो माणूस जीपशेजारून चालू लागायचा. शेवटी आम्ही एकाला आत बसवून घेतलं आणि वाट सापडल्यावर त्याला पुन्हा होता तिथं नेऊन सोडलं.

तेर

तेरला तेरणा नदीच्या काठी एका लिंबाखाली चहाचं दुकान होतं. फार जुनं गाव. पाऊस पडून गेला की पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर मुलींना मणी सापडतात, शंखाचे, काचेचे. कुणाच्या बायकांच्या गळ्यातले, किती शतकांपूर्वीचे, कुणास ठाऊक. तिथलं विटांचं देऊळ पाहून आम्ही चहाला टेकलो.

"कुठले पाव्हणे?" दुकानदारानं विचारलं.

"सातारचे."

"आगं बया. लई लांबून आलाव. आन् आता कुठं?"

वसंता म्हणाला, "येडशीवरून परंडा, सोनारी. डोंगरातून जवळची वाट आहे म्हणतात."

दुकानदारानं किटली खाली ठेवली. "हाय की. गाडीवाट हाय. पर तिकडनं जाऊ नगा. जीपवाल्यांचं आन् जंगलातवाल्यांचं तिथं लई वाकडं चाललंय."

मग त्यानं सगळं सांगितलं. जंगल खात्याला तिकडे अजून जुन्या उर्दू वळणानं 'जंगलात' म्हणतात, आणि रानाच्या रखवालदाराला नाकेदार. शहराकडचे हौशी लोक सुटीच्या दिवशी जीपा घेऊन येत. कुणी हरणांमागं गाडी घाली, कुणी नुसतीच टेकडी चढवायची पैज लावी. नाकेदारांनी वाटेवर दगड रचले, जीपवाल्यांनी ते ढकलले. नाकेदारांनी चर खणला, जीपवाल्यांनी तो बुजवला. एका पठ्ठ्यानं तर नाकेदाराची शिट्टीच हिसकून नेली.

"तवापास्नं त्यो नाकेदार पेटलाय," दुकानदार म्हणाला. "दिसली जीप की आडवा होतुया."

मला वाटलं, वसंताला आता पुरेसं कळलं. त्यानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि विचारलं, "कुठून फुटते म्हणालात ती वाट?"

येडशीचं रान

आमच्या साताऱ्याचे डोंगर अंगावर येतात. बालाघाटाचं तसं नाही. जमीन हळूहळू वर चढते आणि आपण डोंगरात आलो हे मागं वळून पाहिल्यावर कळतं. रान बुटकं, कोरडं, मोकळं. पिवळं गवत गुडघ्याएवढं, मधे खैर, धावडा, सीताफळीची झुडपं, आणि पळसाला नुकती फुलं धरत होती. एका दरडीवरून मोर चालत गेला, पळाला नाही. मी आणि मालती अगदी गप्प झालो होतो. असं रान पाहिलं की आपण उगाच आवाज खाली आणतो.

गाडीवाटेवर खरंच दगडांचा बांध होता. कुणीतरी आधीच त्यात अर्धं खिंडार पाडलेलं. वसंतानं उतरून आणखी काही दगड बाजूला लोटले आणि जीप आत घातली. पलीकडे उताराची मोकळी जागा होती. वाट सोडून त्यानं गाडी सरळ त्या उतारावर घेतली. खाली ओढा, ओढ्यापलीकडे डांबरी सडक दिसत होती.

तेवढ्यात बाजूच्या झाडीतून एक माणूस धावत आला. खाकी शर्ट, पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली पट्टी, हातात काठी. वय पन्नाशीकडे झुकलेलं. तो सरळ जीपपुढं उभा राहिला. वसंतानं ब्रेक दाबला.

"मागं घ्या," तो म्हणाला. धापेनं त्याला बोलता येत नव्हतं. "मागं घ्या गाडी. खाली बघा काय करून ऱ्हायलाव."

मी खाली पाहिलं. उतारावर ओळीनं लहान लहान आळी होती, प्रत्येकाला अर्धचंद्रासारखा दगडांचा आडोसा, आणि आत वीतभर रोपं. आमच्या मागच्या चाकांखाली त्यांतली काही गेली होती.

वसंताला ते दिसलं आणि तो ओशाळला. हे मी त्याची बहीण म्हणून सांगू शकते. पण ओशाळला की तो चिडतो. "पाटी लावायला नको? आम्हाला काय कळणार? आणि समोर सडक दिसतेय. एवढं उतरून जातो."

"न्हाय. आलाव तसं मागं जायाचं."

"अहो, सरकारी जंगल म्हणजे लोकांचंच ना? आता निजाम नाही. आपलं राज्य आलंय."

"लोकांचं हाय म्हणूनच राखाय बसवलंय मला," नाकेदार म्हणाला. "तुमच्या एकल्याचं असतं तर म्या कशाला आलो असतो?"

वसंतानं इंजिन घुरकावलं. तसा तो माणूस एक पाय बंपरवर देऊन वर चढला आणि चक्क बॉनेटवर बसला. काठी मांडीवर आडवी. पाठ आमच्याकडे. "आता न्या," तो म्हणाला.

मला हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू? मालतीलाही आलं. वसंताला मात्र नाही. तो दात आवळून म्हणाला, "हलली गाडी की उतरेल आपोआप," आणि त्यानं क्लच सोडला.

गाडी हलली. तो उतरला नाही. उतार होता तो आणखी तीव्र झाला, चाकं दगडांवरून उड्या घ्यायला लागली, आणि त्या माणसाची काठी पडली. तो अर्धा वळला आणि दोन्ही हातांनी काचेची चौकट धरली. त्याचा चेहरा माझ्यासमोर आला, मधे फक्त काच. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि माझं हसू गेलं.

"वसंता, थांबव."

"उतरेल तो, ताई! नाटक करतोय."

"वसंता!"

लष्करी जीपला किल्ली नसते, नुसती एक खिटी असते. मी वाकून ती फिरवली. इंजिन बंद पडलं, जीप गिअरमध्ये होती, तिला जबरदस्त आचका बसला. पुढचं चाक एका धोंड्यावर चढलं, खाली काहीतरी कडाडलं, आणि आम्ही थांबलो. नाकेदाराचं कपाळ काचेच्या चौकटीवर आपटलं. भुवईतून रक्ताची धार लागली.

ओढ्यात पाणी वाहत होतं त्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. वसंतानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्याला भर चौकात मारलं होतं. मग मालती मागून उतरली. दोन दिवस तोंडातून शब्द न काढलेली ती मुलगी. तिनं आपल्या पदराचा काठ फाडला आणि सरळ त्या परक्या माणसाच्या कपाळाला बांधायला लागली.

"वन्सं, पाण्याचा तांब्या आणा," ती मला म्हणाली. मी आणला.

नबीसाबचं घर

पुढच्या चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा मोडला होता. जीप हलणं शक्य नव्हतं. नाकेदाराचं नाव नबीसाब. रक्त थांबल्यावर तो बॉनेटवरून उतरला, उतरताना बराच वेळ पायाशी काहीतरी चाचपत राहिला, आणि म्हणाला, "आता गाडी इथंच. उद्याच्याला रेंजरसायबाकडं जायाचं. बायामानसं रानात न्हाय ऱ्हाऊ द्यायची. माझ्या घरी चला."

"आम्ही सडकेवर जाऊन एसटी धरू," वसंता म्हणाला.

"तुमी गुन्ह्यात हाव, सायेब. एसटी उद्या बी ऱ्हाईल."

रानाच्या कडेला त्याची दोन खोल्यांची सरकारी चौकी होती, कौलारू, पुढं सारवलेलं अंगण. त्याची बायको हमीदाबी दारातच उभी होती. नवऱ्याच्या कपाळाची पट्टी पाहून तिनं छातीवर हात ठेवला. तो घरातल्या भाषेत दोन वाक्यं बोलला. तिनं वसंताकडे एकदा पाहिलं. आता हिनं आम्हाला दारात उभं केलं नाही तरी चूक नाही, असं मला वाटत होतं. ती आत गेली आणि हातपाय धुवायला पाणी घेऊन आली.

थोड्या वेळानं तिनं आमच्यापुढं एका सुपात पीठ, डाळ, मिरच्या आणि एक कोरं मडकं आणून ठेवलं. जरा दूर उभी राहून म्हणाली, "तुमी तुमचं करून खावा, बाई. मडकं नवं हाय. आमी हात न्हाय लावला. चूल अंगनात मांडून देते."

हे मी अनेकदा आठवते. ज्याचं कपाळ आम्ही फोडलं त्याच्या बायकोनं आमचा धर्म सांभाळायची तजवीज केली होती. आमच्या घरी आईच्या काळात परक्या जातीच्या हातचं पाणीसुद्धा चालत नसे. मी काय बोलावं याचा विचार करत होते, तर मालतीच म्हणाली, "चुलीपुढं तुम्हीच बसा. मला असल्या रुंद भाकरी थापता येत नाहीत. शिकवाल का?"

हमीदाबीनं माझ्याकडं पाहिलं, मोठी म्हणून. मी मान हलवली. मग त्या दोघी शेजारी बसल्या. मालतीची पहिली भाकरी तव्यावर टाकताना मधोमध फाटली आणि हमीदाबी तोंडाला पदर लावून हसली. त्या घरात आम्ही आल्यापासूनचं ते पहिलं हसणं. चिंचेची आंबट डाळ होती, वर लसणाची फोडणी, करडईच्या तेलाची. वसंता खाली मान घालून जेवला. नबीसाब त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून जेवला. पण वसंताच्या ताटातली डाळ संपली तेव्हा नबीसाबनं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

रेंजरची कचेरी

सकाळी रेंजरच्या कचेरीकडे चालत निघालो. वसंता मला मागं घेऊन हळूच म्हणाला, "ताई, सरकारी नोकराला गाडीवर घेऊन मी गाडी चालवली असं झालं तर खटला होईल. माझीही नोकरी सरकारीच आहे. तू एवढंच म्हण, की गाडी उभी होती, उतारानं घरंगळली."

"मी असं नाही म्हणणार, वसंता."

"मी तुझा भाऊ आहे."

"म्हणून तर काल खिटी फिरवली," मी म्हणाले. तो माझ्यापुढं भरभर चालत गेला. आमच्यात आयुष्यात पहिल्यांदाच असं अंतर पडलं होतं.

रेंजरसाहेब तरुण होते, नव्यानंच तिकडं बदलून आलेले. त्यांनी नबीसाबचं कपाळ पाहिलं आणि त्यांचा आवाज कडक झाला. आधी त्यांनी मला विचारलं. मी झालं तसं सांगितलं. गाडी वसंतानं चालवली, हा माणूस बॉनेटवर असताना चालवली, मला भीती वाटली म्हणून मी इंजिन बंद केलं. वसंता खिडकीबाहेर बघत होता. मग, मी बोलायची थांबल्यावर, तो वळला आणि म्हणाला, "ताई सांगते ते खरं आहे."

मी मनातल्या मनात भैरवनाथाला हात जोडले. खटल्याचं काय व्हायचं ते होवो, माझा भाऊ मला परत मिळाला होता.

"नबीसाब," रेंजर म्हणाले, "तुला जबरदस्तीनं नेलं यांनी? तसं असेल तर मी पोलिसांत देतो. बोल."

नबीसाबनं टोपी काढली, पुन्हा घातली. "न्हाय, सायेब. म्या माझ्या मर्जीनं बसलो हुतो. उतराय पायजे असतं तर उतरलो असतो. सायबांनी गाडी हालवली, ते चुकलं. पर जबरदस्ती न्हाय."

"नक्की?"

"व्हय जी."

रेंजरनी बराच वेळ बोटांनी टेबल वाजवलं. ते काही फार खूश दिसले नाहीत. मग वसंताला म्हणाले, "तुम्ही पाटबंधाऱ्यातले ना? दगड रचता येतात?"

"येतात."

"मग तो बांध परत उभा करायचा. गेलेली रोपं पुन्हा लावायची, आळी नीट करायची. नबीसाब चांगला झाला म्हणेल तेव्हाच गाडी घेऊन जायचं. जाताना सडकेनं."

पुन्हा रानात

बैलांच्या दोन जोड्यांनी जीप सडकेवर ओढली. येडशीच्या लोहारानं पाटा सांधायला घेतला. आणि आम्ही बांधावर गेलो. म्हणजे वसंता आणि नबीसाब दगड रचायला, मी आणि मालती रोपं लावून त्यांना पाणी घालायला.

पहिल्या दिवशी ते दोघं बांधाच्या दोन टोकांना काम करत होते. नबीसाबनं रचलेला भाग वसंताला पसंत नव्हता. दुपारी त्याला राहवलं नाही. "असा सरळ नका रचू, पावसात ढासळेल. पाया रुंद घ्या, वर निमुळता." नबीसाब म्हणाला, "आमी आजवर असाच रचला." "म्हणून तर जीपवाल्यांनी ढकलला," वसंता म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. नबीसाब जोरात हसला. त्यानंतर दोघं एकाच टोकाला दिसले.

पाणी ओढ्यातून आणावं लागे. डोक्यावर घागर घेऊन तो चढ चढताना मला त्या उताराची खरी लांबी कळली. जीपमधून तो एका क्षणात संपला होता. हमीदाबी आमच्याबरोबर यायची. तिनं रोपांना नावं ठेवली होती, म्हणजे थट्टेनंच. एक वाकडं रोप होतं त्याला ती आपल्या दिराच्या नावानं हाक मारायची. ही लावणी तिनं आणि नबीसाबनंच पावसाळ्यात केली होती. मजूर मिळाले नाहीत म्हणून.

दुसऱ्या दिवशी बांध छातीएवढा झाला. दुपारी आम्ही सगळे धावड्याच्या सावलीत जेवायला बसलो होतो. ठेचा, भाकरी, कांदा. वसंता बराच वेळ मनात काहीतरी घोळवत होता. शेवटी त्यानं विचारलं, "नबीसाब, एक सांगा. तुम्ही त्या दिवशी उतरला का नाहीत? मी खरंच समजत होतो की उतराल."

नबीसाबनं इकडं तिकडं पाहिलं. रानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. तरी त्यानं आवाज खाली आणला.

"खरं सांगू? कुनाला बोलू नगा मातुर. पायाची पट्टी अडकली हुती. बॉनेट लावायच्या त्या आकड्यात."

वसंताच्या हातातला घास तसाच राहिला.

"म्या दोनदा उडी माराय बघितली. पाय येईना. म्हनलं, आता गाडी ओढ्यात जाती आन् आपुन तिच्याखाली."

"मग कचेरीत मर्जीनं बसलो म्हणालात ते?"

"मंग काय सांगू? नाकेदाराची पट्टी अडकली म्हनून? सारी रेंज हसली असती मला. आन् तुमी बी गेला असता आत. ह्या पोरीनं पदर फाडून कपाळ बांधलं माझं. तिला एकली कशी धाडू घरी?"

मालतीनं मान खाली घातली. वसंता उठला. बांधाच्या पलीकडे गेला. मला वाटलं जावं त्याच्यामागं, पण हमीदाबीनं माझा हात धरून मला खाली बसवलं. बऱ्याच वेळानं तो परत आला. डोळे लाल होते. तो नबीसाबसमोर उकिडवा बसला.

"मी म्हणत होतो, नाटक करताय तुम्ही."

"व्हय, तुमच्या तोंडावर दिसत हुतं."

"मी माणूस मारला असता."

"न्हाय मारला," नबीसाब म्हणाला. "अल्लाची मेहेरबानी, आन् ह्या बाईंची. आता जेवा. भाकरी वाळती."

वसंतानं हात जोडले. नबीसाबनं ते जोडलेले हात धरून खाली घेतले आणि त्यात भाकरीचा तुकडा ठेवला. हे सगळं लिहायला जितका वेळ लागला तितकाही त्याला लागला नसेल. मी आयुष्यात पुष्कळ देवळं पाहिली आहेत. हात जोडावेत असं मला इतकं क्वचितच कुठं वाटलं आहे.

संध्याकाळी नबीसाबनं बांधावर उभं राहून दोनदा पाय आपटला आणि म्हणाला, "झाला चांगला."

सोनारी आणि परंडा

सोनारीचं दर्शन छान झालं. काळभैरवाला जोडीनं अभिषेक केला. देवळाच्या आवारात माकडांचं राज्य आहे. मालतीच्या हातातला नारळ एका माकडानं इतक्या सहज घेतला, की तिनं तो दिला असंच पाहणाऱ्याला वाटावं. गुरवांनी आमच्या घराण्याचं नाव ऐकून, "लई पिढ्यांनी आलाव," असं म्हटलं आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ते सगळं पुन्हा कधीतरी कुणी विचारलं तर सांगेन. मला सांगायची आहे ती त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट.

येडशीहून निघताना बोलता बोलता कळलं, की हमीदाबीचं माहेर परंड्याचं. आई तिथं एकटीच असते. चौकी सोडता येत नाही, एसटीनं बार्शीला उतरून पुन्हा दुसरी गाडी, म्हणून दोन पावसाळे जाणं झालं नव्हतं. वसंता लगेच म्हणाला, "आम्ही त्याच वाटेनं चाललोय. चला." तिनं नवऱ्याकडं पाहिलं. नबीसाब म्हणाला, "जा की. चार दिसांनी रजा काढून म्या येतो न्यायला." एका फडक्यात तिनं सीताफळीच्या लाकडाचं लाटणं आणि थोडा डिंक बांधून घेतला, आईसाठी.

मी मागं बसले आणि तिला पुढं बसवलं. वसंतानं इतकी सावकाश गाडी चालवलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. खड्डा आला की तो आधी सांगायचा, "वहिनी, धरा." बार्शी मागं टाकली. दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालली होती, कणसं खुडणाऱ्या बायका कंबर सरळ करून आमच्याकडे बघायच्या आणि हमीदाबी त्यांना हात करायची. ओळख असो नसो. परंड्याच्या किल्ल्याचे बुरूज दिसले तशी ती पदर सारखा करून पुढं सरकून बसली.

किल्ल्याच्या खंदकामागच्या बोळात जीप शिरेना. आम्ही चालत निघालो. वसंतानं तिचं गाठोडं घेतलं होतं. एका हिरव्या दारापुढं तिनं कडी वाजवली. दार उघडायला वेळ लागला. एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली, तिनं लेकीला पाहिलं, आणि काही न बोलता दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. मग तिनं लेकीच्या खांद्यावरून आमच्याकडे पाहिलं. लुगड्यातल्या दोन हिंदू बायका आणि गाठोडं घेतलेला एक पुरुष.

"कौन हैं ये लोगां?" तिनं विचारलं.

वसंता माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. आम्ही कोण, हे सांगायचा हक्क हमीदाबीचा होता आणि ती काहीही सांगू शकली असती.

हमीदाबीनं डोळे पुसले आणि मागं वळून आमच्याकडे हसून पाहिलं.

"अम्मा, अपने जंगल का बांध बांधे सो लोगां." आपल्या रानाचा बांध ज्यांनी बांधला ती माणसं, एवढीच ओळख तिनं दिली.

म्हातारीनं दाराची दुसरी फळीही उघडली आणि आम्हाला आत बोलावलं.